वाळवीने कोरलेला सूर

डिजरीडूचे अर्धे काम माणसाआधी वाळवी करून ठेवते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाच्या आर्नहेम लँडमध्ये निलगिरीच्या काही जातींचा गाभा ती आतून खाते, वरचे लाकूड मात्र जिवंत राहते. कारागीर रानात हिंडतो, खोडावर टिचक्या मारून पोकळी ऐकतो आणि मनाजोगता आवाज आला तरच झाड तोडतो. मग साल सोलायची, आतला भुसा झाडायचा, तोंडाकडच्या कडेला रानातल्या मधाचे मेण थापायचे. याला बोटांची भोके नाहीत, पत्ती नाही. ओठ थरथरवून एक खोल सूर धरायचा. त्याचे रंग बदलतात जीभ, गाल आणि गळा. गालांतली हवा बाहेर ढकलताना नाकाने श्वास घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. आपल्या पालघरचे तारपेवालेही हेच करतात.

आर्नहेम लँडमधल्या कातळचित्रांवरून डिजरीडूचे वय सुमारे 1500 वर्षे मानतात. ‘डिजरीडू’ हे नाव गोऱ्यांनी आवाजावरून पाडले. ईशान्य आर्नहेम लँडचे योलंगू लोक त्याला यिदाकी म्हणतात. त्यांच्या गीतमालिका म्हणजे मनिकाय. गाणारा बिल्मा या लाकडी काठ्यांवर लय धरतो, यिदाकी त्याला साथ देते. पूर्वजांचे प्रवास, पाणवठे, पशुपक्षी या गाण्यांत येतात, आणि कोणते गाणे कोणत्या कुळाचे, हे ठरलेले असते. 1991 मध्ये योथू यिंडी या बँडच्या ‘ट्रीटी’ गाण्याने यिदाकी जगभर पोचवली. सरकारने आदिवासींशी करायचा कबूल केलेला करार झाला नाही, हा त्या गाण्याचा विषय.

शाळेत मात्र ‘ऑस्ट्रेलियन आदिवासींचे वाद्य’ एवढे सांगून पुढे जातात, ते मला पटत नाही. इंग्रज आले तेव्हा त्या खंडात 250हून अधिक भाषा होत्या आणि हे वाद्य फक्त उत्तरेकडचे होते. आग्नेयेकडे बायका पॉसमच्या कातड्यावर थापा मारून ताल धरत. मुलांनी डिजरीडूऐवजी पीव्हीसी पाइप फुंकावा, श्वासाचे कसब त्यातूनही कळते. पण शिक्षकांनो, पाइप हाती देण्याआधी नकाशावर आर्नहेम लँड दाखवा, योलंगूंचे नाव फळ्यावर लिहा आणि त्यांच्याच गळ्यातले एक मनिकाय पूर्ण ऐकवा.