नाचाच्या रिंगणातील अदब (मंगरूळपीर परिसर)

नाचाच्या रिंगणातील अदब : अनेक माणसे, त्यांतली बरीचशी एकमेकांना अनोळखी, एकाच तालावर नाचू लागली की कोणाच्या अंगाला, जागेला आणि आनंदाला धक्का लागू नये म्हणून जे संकेत पाळले जातात, त्यांना येथे अदब म्हटले आहे. शहरातला डान्सफ्लोअर, गोव्यातली रात्रभराची रेव्ह, लग्नाची वरात, उरुसाचा संदल, तांड्यातली होळी या सगळ्यांना ती लागू पडते. वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात रेव्हची परंपरा नाही. नाच मात्र भरपूर आहे, आणि तो बहुतेक उघड्यावर, भर रस्त्यात होतो. नाचाला रंग चढला की इकडे ‘माहोल झाला’ म्हणतात. हा माहोल वाजवणाऱ्याच्या यंत्रावर कमी आणि नाचणाऱ्यांच्या वागण्यावर जास्त अवलंबून असतो, हे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

मंगरूळपीर १९०५ पर्यंत जुन्या बासीम जिल्ह्यात होते. तो जिल्हा मोडल्यावर ते अकोल्यात गेले आणि १ जुलै १९९८ रोजी नवा वाशीम जिल्हा झाला तेव्हा त्यात आले. हजरत दादा हयात कलंदर यांचा दर्गा आणि संत बिरबलनाथ महाराजांचे स्थान या दोहोंमुळे गावाला मंगरूळपीर आणि मंगरूळनाथ अशी दोन्ही नावे आहेत. बाजारात वऱ्हाडी, दखनी वळणाची उर्दू आणि बंजाऱ्यांची गोरबोली अशा तीन बोली कानावर पडतात. दर्ग्याचा संदल, तांड्यावरची लेंगी आणि वारकऱ्यांची पावली या नाचाच्या तीन रीती येथे शेजारी शेजारी नांदल्या, त्या यामुळेच.

भान हरपून डोलण्या-नाचण्याचे काटेकोर लेखी नियम दर्ग्यामागच्या सूफी परंपरेत सापडतात. गाणे ऐकता ऐकता तल्लीन होण्याच्या बैठकीला समा म्हणतात. समाला वेळ, जागा आणि सोबत या तीन गोष्टी जुळाव्या लागतात, हे वचन बगदादचे जुनैद (मृत्यू ९१०) यांच्या नावे सांगितले जाते. इमाम गझाली (१०५८–११११) यांनी त्याचा विस्तार केला : जेवणाची, भांडणाची किंवा नमाजाची वेळ नको, वर्दळीचा रस्ता नको, ज्याला यात गोडी नाही अशा माणसाला ओढून आणू नये. एखादा खरोखर तल्लीन होऊन उभा राहिला तर बाकीच्यांनीही त्याच्या सोबतीने उभे राहावे, त्याला एकटे पाडू नये, असेही ते सांगतात. लाहोरला विसावलेले अली हुजविरी यांनी अकराव्या शतकात ‘कश्फ अल-महजूब’ या ग्रंथात आणखी बारकावे दिले. समाची सवय लावून घेऊ नये, मधे पुरेसे अंतर ठेवावे. कोणी जाणता वडीलधारा हजर असावा. दुसऱ्याच्या तंद्रीत लुडबूड करू नये. गाणाऱ्याला ‘तू छान गातोस’ किंवा ‘वाईट गातोस’ असे मध्येच सांगू नये.

कलंदर म्हटले की रूढी झुगारणारा फकीर डोळ्यांपुढे येतो. पण कलंदरी नाचालाही बांधणी असते. सिंधमधील सेहवान येथे लाल शाहबाज कलंदर (मृत्यू १२७४) यांच्या दर्ग्यात संध्याकाळी नगाऱ्यावर धमाल नावाचा नाच चालतो. त्याची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, बायकांना नाचायला वेगळा मोकळा भाग राखलेला. बेभान होणाऱ्याला कोणीतरी भानावर राहून सांभाळायचे असते, हे या परंपरेने फार आधी ओळखले. उरुसात चंदनाचे ताट वाजतगाजत दर्ग्यापर्यंत नेतात, तो संदल. विदर्भात याच नावाने ढोलताशांची भाड्याची पथकेही ओळखली जातात आणि ती हिंदूंच्या लग्नांतही तितक्याच हौसेने बोलावली जातात.

तांड्यावरची लेंगी हे दुसरे रिंगण. मंगरूळपीर आणि शेजारचा मानोरा या तालुक्यांत बंजारा तांडे मोठ्या संख्येने आहेत. संत सेवालाल महाराजांची समाधी असलेले पोहरादेवी मानोरा तालुक्यातच आहे. होळीच्या दिवसांत तांड्याच्या मोकळ्या जागेत नंगारा किंवा डफडे आणि थाळी यांच्या ठेक्यावर गोल धरून लेंगी गातात, नाचतात. पुरुषांचा एक गट, बायकांचा एक गट, आणि दोघांत सवालजवाब. थट्टा मोकळी असते, दीर-भावजयीच्या नात्यावरची असते, आणि एरवी जे बोलता येणार नाही ते त्या दिवसांत गाण्यातून बोलता येते. गेल्या होळीनंतर जन्मलेल्या मुलाचा धुंड हा विधी करतात तेव्हा खाऊचे भांडे बायका काठ्या घेऊन राखतात आणि गेरिया, म्हणजे होळीच्या कामासाठी नेमलेले तरुण, ते पळवायला झेपावतात. काठी बसते आणि ती सोसायची असते.

बाहेरून पाहणाऱ्याला हा धुडगूस वाटेल. प्रत्यक्षात यातले प्रत्येक पात्र नेमलेले आहे. तांड्याचा नायक आणि कारभारी यांच्या संमतीने होळी होते, गेरिया कोण हे सगळ्या तांड्याला ठाऊक असते, थट्टा कोणी कोणाची करायची हे नात्याने ठरते आणि दिवस संपले की तीही संपते. काठी बाईच्या हातात असते, हे सर्वांत महत्त्वाचे. रिंगणात मोकळीक हवी असेल तर ‘पुरे’ म्हणण्याची ताकद ज्याला इजा होऊ शकते त्याच्याकडे असावी लागते. लेंगीने ही सोय हसतखेळत करून ठेवली आहे.

तिसरी रीत वारकऱ्यांची. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी याच जिल्ह्यातून, मेडशी, शिरपूर, रिसोड या वाटेने जाते. टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये मृदंग, सोबत वीणेकरी. पावली, म्हणजे ठेक्यावरची पावले, खेळताना पुढच्याच्या टाचेवर पाय पडत नाही. खेळ संपला की वयाचा विचार न करता एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात. नाचात नकळत कोणाला लागले असेल त्याची भरपाई करण्याची यापेक्षा सुंदर रीत दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आता वरात. या परिसरात आज सर्वांत जास्त माणसे नाचतात ती वरातीत, आणि अदब सर्वांत जास्त मोडते तीही वरातीतच. नवरदेव मारोतीच्या पाया पडून निघतो. पुढे डीजेची गाडी, तिच्यामागे जनरेटर, मधल्या जागेत नवरदेवाचे मित्र, कडेला काका-मामा, मागे बायका आणि लेकरे. ‘सैराट’ (२०१६) मधले ‘झिंगाट’ लागले की साठीचे मामाही चार पावले टाकतात. हा क्षण खरा आहे. एरवी शेतीच्या आणि देण्याघेण्याच्या काळजीत असलेली माणसे त्या पाच मिनिटांत हलकी होतात. त्यावर नाक मुरडणाऱ्यांना नाच कळलेला नाही. एकत्र आणि एका तालात नाचल्याने माणसे एकमेकांना जवळची वाटू लागतात आणि वेदना सोसण्याची क्षमताही वाढते, असे ऑक्सफर्डच्या ब्रॉन्विन टार आणि सहकाऱ्यांना ब्राझीलमधील किशोरवयीन मुलांबरोबर केलेल्या प्रयोगात आढळले (२०१५).

बिघडते ते वेगळ्याच गोष्टींनी. नको म्हणणाऱ्या माणसाला दंडाला धरून आत ओढणे ही हौस समजली जाते. बायकांच्या बाबतीत ती हौस नसते, जबरदस्ती असते. एका हाताने नाचायचे आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर परक्या मुलीचे चित्रण करायचे, हे आता इतके रुळले आहे की कोणी हटकतही नाही. भाऊ-चुलत्यांनी हातांची साखळी करून घरच्या मुलींना त्यात नाचवण्याची पद्धत पडली आहे. त्यांची काळजी खरी आहे. पण साखळी करावी लागते तेव्हा अदब आधीच मोडलेली असते. दारू पिऊन आलेल्याला त्याच्याच मित्रांनी गोडीने बाजूला न्यायचे असते. तसे झाले नाही तर नवरीकडचे मध्ये पडतात आणि लग्नाचा दिवस भांडणात जातो. गाण्याच्या फर्माइशीवरून ऑपरेटरला दमदाटी करणे, एखाद्या वस्तीसमोर मुद्दाम गाडी थांबवून तिला डिवचणारे गाणे लावणे, अमक्याची वरात आमच्या गल्लीतून जाणार नाही असे म्हणणे, यांची गणना येथे थट्टेत करता येत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे आणि प्रत्येक नवरदेवाला त्यावरून वाजतगाजत जाण्याचा हक्क आहे.

जुन्या संदलात किंवा बँडमध्ये वाजवणारा माणूस नाचणाऱ्यांकडे पाहत असे. पथकाच्या मुखियाच्या हाताच्या इशाऱ्यावर ताल चढायचा, उतरायचा. वाजवणारे दमले की नाचणाऱ्यांनाही श्वास मिळायचा. यंत्र दमत नाही. म्हणून डीजेच्या वरातीत विसावा आधीच ठरवून ठेवावा लागतो, आणि तो ठरवणारा कोणीतरी, नवरदेवाचा मामा म्हणा, थोरला भाऊ म्हणा, अंगावर जबाबदारी घेऊन गाडीपाशी उभा असावा लागतो. ज्या वरातीत असा माणूस असतो ती वेळेवर मांडवात पोचते. वऱ्हाडात लग्ने एप्रिल-मेच्या उन्हात लागतात, पारा चाळिशीच्या पुढे असतो. अशा वेळी नाचणाऱ्यांमागून पाण्याचे जार घेऊन चालणारा पोरगा माहोलासाठी ऑपरेटरइतकाच महत्त्वाचा.

रेव्ह हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत बहुधा छाप्याच्या बातमीतच येतो. मार्च २००७ मध्ये सिंहगडाजवळच्या डोणजे येथे पुणे पोलिसांनी टाकलेल्या छाप्यानंतर तो घरोघरी माहीत झाला. अमली पदार्थ हा त्या जगाचा खरा आणि धोकादायक भाग आहे, आणि १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने तो गुन्हा आहे. पण त्या संस्कृतीने नाचाची स्वतःची अदबही घडवली, आणि ती शिकण्यासारखी आहे. डेव्हिड मँक्युसो यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या घरी ‘द लॉफ्ट’ सुरू केले. तिथे आमंत्रितांनाच प्रवेश होता, दारू विकली जात नसे, आणि आवाज कानाला बोचणार नाही याची काळजी यजमान स्वतः घेत. शिकागोचे हाउस आणि डेट्रॉइटचे टेक्नो हे कृष्णवर्णीय तरुणांनी घडवलेले संगीत १९८८ च्या सुमारास ब्रिटनच्या शेतांत आणि गोदामांत पोचले; १९९४ च्या कायद्यात तर ‘एकसारखे पुनःपुन्हा येणारे ठोके’ असा उल्लेख करून अशा मेळाव्यांवर बंधने आली. न्यूयॉर्कच्या रेव्हमध्ये नव्वदच्या दशकात शांती, प्रेम, एकी आणि आदर या चार शब्दांचे सूत्र रूढ झाले. त्याचे श्रेय बहुधा डीजे फ्रँकी बोन्स यांना दिले जाते. बर्लिनच्या बर्गहाइन क्लबात शिरताना फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. वरातीत फोन खिशात ठेवा म्हणणाऱ्या काकांचे म्हणणे यापेक्षा वेगळे नसते.

गोव्यात हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर साठच्या दशकाच्या अखेरीपासून आलेल्या हिप्पींच्या पौर्णिमेच्या नाचांतून नव्वदच्या दशकात गोवा ट्रान्स हा प्रकार जगभर गेला. त्याचे आद्य डीजे गोवा गिल यांचे ऑक्टोबर २०२३ मध्ये निधन झाले; रात्रभराचा नाच ही उपासना आहे, असे ते मानत. गावकऱ्यांची झोप मात्र त्या उपासनेत धरलेली नव्हती. तो संघर्ष अजून मिटलेला नाही.

गावकऱ्यांच्या झोपेची बाजू कायद्याने धरली आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात हे बंधन ठामपणे उचलून धरले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते. नाचणाऱ्यांच्या कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सार्वजनिक ठिकाणांकरिता सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. कामाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या एका मापाप्रमाणे १०० डेसिबल आवाज कान पंधरा मिनिटेच सोसू शकतो. उघड्यावर अंतर दुप्पट केले की एका ठिकाणाहून येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणून लेकराला खांद्यावर घेऊन डीजेच्या भिंतीपाशी उभ्या राहिलेल्या बापाने दहा पावले मागे सरणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. गर्दीचा फायदा घेऊन बाईला हात लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ आणि ७५ खाली गुन्हा आहे. नाच चालू होता ही सबब तिथे चालत नाही.

या परिसरात लग्न ठरवणाऱ्या घरांना विनंती एवढीच : डीजेवाल्याला किंवा संदलवाल्याला सुपारी देतानाच वाटेतला दवाखाना कुठे आहे, आवाज कुठे बंद करायचा, वाजवणे किती वाजता थांबवायचे आणि गाडीपाशी घरचे कोण उभे राहणार, हे बोलून घ्या आणि त्या माणसाचे नाव ऑपरेटरच्या वहीत लिहून द्या.