‘टप्पा’ आणि ‘पॉइंट’ : डोंगर-तळ्यांच्या प्रवासाची दोन मापे

मराठीत ‘टप्पा’ हा शब्द दोन निरनिराळ्या व्यवहारांत वावरतो. बंदुकीची गोळी, गोफणगुंडा किंवा नजर जेथवर पोहोचते तो तिचा टप्पा. आणि प्रवासात एका विसाव्यापासून दुसऱ्या विसाव्यापर्यंतची जी मजल, तीही टप्पाच. चेंडू भूमीस लागून उसळतो, त्यासही आपण टप्पाच म्हणतो. उडी मारून ओलांडणे या अर्थाचे हिंदीतील ‘टपना’ हे क्रियापद याच कुळातील दिसते. एका झेपेत जेवढे अंतर आक्रमिले जाते तेवढे, हा या सर्व अर्थांचा समान गाभा होय. डोंगर आणि जलाशय यांनी व्यापलेल्या प्रदेशातील प्रवासाची आखणी महाराष्ट्रात पूर्वी कशी होत असे आणि पुढे ती कशी पालटली, हे या एका शब्दाच्या आधाराने सांगता येईल, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्याचे मुख्य उदाहरण माहूर हे होय. परंतु आरंभ एका परदेशी खेळापासून करणे सोयीचे आहे. कारण फेक आणि मजल हे ‘टप्पा’ शब्दाचे दोन्ही अर्थ त्या खेळात प्रत्यक्ष एकत्र आलेले आहेत.

हा खेळ म्हणजे डिस्क गोल्फ. यात काठी आणि चेंडू यांच्या जागी हाताने फेकावयाची प्लॅस्टिकची चकती असते आणि खळग्याच्या जागी खांबावर लोंबत्या साखळ्यांची टोपली असते. चकती जेथे पडेल तेथून पुढची फेक करावयाची आणि शक्य तितक्या थोड्या फेकींत टोपली गाठावयाची, एवढाच नियमांचा सारांश. वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन याने घडविलेली चकती व्हॅम-ओ कंपनीने १९५७ साली बाजारात आणली. त्याच कंपनीतील एड हेड्रिक याने १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात या खेळाचे पहिले कायम मैदान आखले. गोल्फप्रमाणे येथे हिरवळ राखावी लागत नाही. असलेली झाडे, असलेला उतार, असलेले पाणी हेच मैदान. म्हणून हा खेळ डोंगराळ सरोवरांच्या प्रदेशात सहज रुजला आणि त्यासाठी सुट्टी काढून जाणाऱ्यांचा एक वर्गही निर्माण झाला.

असा प्रवासी आपली सुट्टी कशी आखतो, हे पाहण्यासारखे आहे. सिएरा नेवाडा पर्वतातील ताहो सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत चकतीला आधार कमी मिळतो. तेव्हा पहिला दिवस हात बसविण्यासाठी ठेवावा लागतो. सरोवरावरून वारा वाढण्यापूर्वी काठचे मैदान उरकावे लागते. पाण्यावरून फेकावयाची चकती पुष्कळदा बुडणाऱ्या जातीची असते, म्हणून जादा चकत्या जवळ बाळगाव्या लागतात. थोडक्यात, त्याला स्थळांची नुसती यादी पुरत नाही. कोणत्या स्थळानंतर कोणते, कोणत्या वेळी, आणि दोहोंमध्ये चालणे किती, हे त्याला ठरवावे लागते. त्याची आखणी टप्प्यांची असते.

फिरती चकती फेकणे ही गोष्टही आपल्याकडे अगदी परकी नाही. गुरू गोविंदसिंग १७०८ साली जेथे निवर्तले त्या नांदेडात निहंग शिखांच्या पगडीवर आजही पोलादी चक्रे दिसतात. ती मुळात फेकून मारावयाची शस्त्रे होत. तथापि माहूरचा या विवेचनाशी संबंध चक्रामुळे येत नाही, तो अंतर मोजण्याच्या रीतीमुळे येतो.

जुन्या मराठी बोलीत अंतर पुष्कळदा शरीराच्या एखाद्या क्रियेने मोजले जाई. ‘हाकेच्या अंतरावर’, ‘बाणाच्या टप्प्यात’, ‘गोफणीच्या टप्प्यात’ हे प्रयोग त्याची साक्ष देतात. कोस ही संख्या होती. टप्पा हा अनुभव होता. विशेष हा की, यंत्रयुगातही हा शब्द टिकला. १ जून १९४८ रोजी पुणे आणि तत्कालीन अहमदनगर यांच्या दरम्यान एस. टी.ची पहिली गाडी धावली. त्या एस. टी.चे भाडे पुढे ‘टप्प्या’वर आकारले जाऊ लागले आणि सहा किलोमीटरचा एक टप्पा मानला गेला. झेप जाऊन तिच्या जागी निश्चित आकडा आला. पण प्रवास तुकड्यातुकड्यांनी मोजावयाचा ही कल्पना राहिली.

या कल्पनेचा सर्वांत पद्धतशीर प्राचीन मराठी आविष्कार महानुभाव वाङ्मयात सापडतो. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकातील. त्यातील लीळा चक्रधरांच्या भ्रमणाच्या अनुषंगाने गावोगाव विखुरलेल्या आहेत. चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’ तर केवळ स्थळांसाठीच रचली गेली. स्वामी कोठे बसले, कोठे निजले, ते देऊळ गावाच्या कोणत्या दिशेस, त्याचे दार कोणत्या बाजूस, असा तपशील तिच्यात येतो. ती स्थाने दाखविण्यासाठी पुढे ओटे बांधले गेले. श्रद्धाळू एका ओट्यास वंदन करून दुसऱ्याकडे वळतो. डिस्क गोल्फच्या मैदानातही प्रत्येक टोपलीकडच्या पहिल्या फेकीचा प्रारंभ बहुधा एका लहानशा बांधीव जागेवरून होतो. तिला मराठी नाव द्यावयाचे झाल्यास ‘ओटा’ याहून उचित शब्द सुचत नाही.

माहूर या परंपरेच्या मुळाशी आहे. पंचकृष्णांपैकी दत्तात्रेयांचे हे स्थान. फलटणचे चक्रपाणी ऊर्फ चांगदेव राऊळ यांना येथेच दत्तात्रेयांनी वाघाच्या रूपात दर्शन दिल्याची कथा महानुभाव सांगतात. इतर दत्तभक्तांच्या परंपरेत तर प्रत्यक्ष देवाचीच दिनचर्या टप्प्यांची आहे : काशीस स्नान, कोल्हापुरास भिक्षा आणि मातापुरास, म्हणजे माहुरास, निद्रा.

गावाची रचनाही या दृष्टीने लक्षणीय आहे. रेणुका, दत्तात्रेय आणि अनसूया यांची स्थाने वेगवेगळ्या शिखरांवर; शेजारी रामगड किल्ला; खाली वळणे घेत जाणारी पैनगंगा; आणि मध्यंतरी मातृतीर्थासारखे जलाशय. जमदग्नीच्या अंत्यसंस्कारासाठी पाणी हवे म्हणून परशुरामाने बाण मारला आणि हे तीर्थ प्रकटले, अशी कथा आहे. बाण जेथे पडला तेथे पाणी, आणि पाणी जेथे तेथे विसावा. फेकीचा टप्पा आणि यात्रेचा टप्पा यांची गाठ कथेनेच मारून ठेवली आहे. श्रावणी पौर्णिमेची माहूरची परिक्रमा या सर्वांना एका वळशात ओवते. तीत एखादे ठिकाण वगळले तर ठिकाण एकच कमी होते, पण परिक्रमा अपुरी राहते.

एकोणिसाव्या शतकात या रीतीशेजारी दुसरी रीत उभी राहिली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८च्या सुमारास, महाबळेश्वरास आरोग्यधाम वसले. १८४२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती आप्पासाहेब महाराजांनी वेण्णा तलाव बांधविला. त्याचा हेतू पाणीपुरवठ्याचा, परंतु कालांतराने तो नौकाविहाराचे स्थान झाला. माथेरान १८५० साली ह्यू मॅलेट याने प्रकाशात आणले. तेथेही शार्लट तलाव आहेच. येथे माणूस एका बंगल्यात महिनाभर राहतो आणि सायंकाळी कड्यावर जाऊन दृश्य पाहून परततो. त्या कड्याला मराठीने इंग्रजीतूनच नाव घेतले : ‘पॉइंट’. शब्दाची निवड मार्मिक आहे. भूमितीतील बिंदूला लांबी नसते. पॉइंटाकडे जाणारी वाट ही केवळ अडचण असते. ती जितकी लवकर सरेल तितके बरे.

याचा अर्थ थंड हवेच्या ठिकाणांनी काही दिले नाही असा नव्हे. आजाऱ्याला हवापालट आणि श्रमलेल्याला निवांतपणा त्यांनी दिला. यात्रेत दोन्ही दुर्मिळ. शिवाय यात्रा आणि खेळ यांच्यातील भेदही पुसता येणार नाही. यात्रेकरूस पुण्य हवे असते, खेळाडूस गुण. तुलना हेतूंची नसून आखणीची आहे, आणि आखणीपुरते पाहता आजचा चकती फेकीत सरोवराकाठी फिरणारा प्रवासी महाबळेश्वरच्या पाहुण्यापेक्षा परिक्रमा करणाऱ्या यात्रेकरूस अधिक जवळचा आहे.

प्रश्न माहूरच्या भवितव्याचा आहे. मोटारीने सकाळी येऊन रेणुका आणि दत्तशिखर एवढी दोन दर्शने करून सायंकाळी परतणे आता सुलभ झाले आहे. वृद्धांना आणि अपंगांना ही सोय आवश्यकच आहे. परंतु सोयीबरोबर पॉइंटांची रीत माहुरातही शिरते. शिखरे राहतात, मधली वाट गळते. आणि वाटेबरोबर तीर्थे, किल्ला, रान आणि त्यांना जोडणारी कथाही गळते. ज्या तलावाकडे पायवाट उरत नाही त्याची निगा कोण राखणार? उद्या पर्यटनाच्या नावाखाली येथे कोणी खेळाचे मैदान सुचविले, तर त्याने प्रथम नकाशावर टोपल्या मांडू नयेत. परिक्रमेची वाट चालून पाहावी, तिला न छेदता काय करता येईल हे ठरवावे, आणि जागा उरत नसल्यास बेत सोडून द्यावा.

भाषेच्या अभ्यासकाला येथे करण्याजोगे काम आहे. माहूर परिसरातील दोन स्थानांमधल्या उतारांना, वळणांना, विसाव्याच्या झाडांना आणि पाणवठ्यांना जी नावे आहेत, ती चालणाऱ्यांच्या तोंडी जिवंत आहेत तोवरच टिपली पाहिजेत. स्थानपोथीकारांनी स्थाने नोंदविली. टप्प्यांची पोथी अद्याप लिहावयाची आहे.