चालण्याची शर्यत आणि लुगानोचा चषक

धावण्याच्या शर्यतीची हकीकत सांगूं लागलें म्हणजे ऐकणारा सरसावून बसतो. चालण्याच्या शर्यतीचें नांव काढलें कीं तोच हंसतो. कोपरें मोडून, कंबर हेलकावीत लगबगीनें निघालेला स्पर्धक पाहून आमच्या कबनूरचीं मुलें हंसत, आणि मीहि हंसलों आहें. परंतु ज्या खेळाला जग हंसतें, त्याच खेळांत राष्ट्राराष्ट्रांचे संघ गेलीं साठांहून अधिक वर्षें परस्परांशीं झुंजत आले आहेत. त्या सांघिक स्पर्धेचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

प्रथम नियम पाहूं. चालणाऱ्याचीं दोन्ही पावलें एकाच वेळीं भुईपासून सुटलेलीं मानवी डोळ्याला दिसतां कामा नयेत. आणि पुढें टाकलेला पाय जमिनीला लागल्यापासून शरीराखालीं उभा येईपर्यंत गुडघ्यांत वांकतां कामा नये. वाटेंत जागोजाग पंच उभे असतात. तीन निरनिराळ्या पंचांनीं दोष नोंदविला कीं स्पर्धक बाद होतो. कांहीं शर्यतींत अलीकडे त्याला आधीं ठराविक वेळ थांबवून ठेवतात. हें सर्व सांभाळून उत्तम चालणारा २० किलोमीटर अंतर ८० मिनिटांच्या आंत तोडतो. जुनी मोठी शर्यत ५० किलोमीटरांची, म्हणजे साधारणतः कबनूरहून कोल्हापुरास पायीं जाऊन परत येण्याएवढी. ती निष्णात लोक चार तासांच्या आंत पुरी करीत. आणि या सर्वांचा निवाडा यंत्र करीत नाहीं; डोळा करतो.

लंडन येथील १९०८ च्या ऑलिंपिक क्रीडांत जॉर्ज लार्नर या इंग्रज गृहस्थानें चालण्याच्या दोन्ही शर्यती जिंकल्या. पुढें १९२८ मध्यें ॲम्स्टरडॅम येथें या खेळाला स्थानच नव्हतें. १९३२ मध्यें ५० किलोमीटरांची व १९५६ मध्यें २० किलोमीटरांची शर्यत ऑलिंपिकमध्यें आली. तथापि या सर्व शर्यती एकट्या गड्याच्या होत्या.

सांघिक चषकाचा आरंभ १९६१ मध्यें स्वित्झर्लंडमधील लुगानो या नगरींत झाला, व त्या गांवाचेंच नांव चषकाला पडलें. २० व ५० किलोमीटरांच्या दोन्ही शर्यतींतील गुण एकत्र करून विजयी राष्ट्र ठरे. पहिल्या वर्षीं २० किलोमीटरांत ब्रिटनचा केन मॅथ्यूज व ५० किलोमीटरांत इटलीचा अब्दोन पामिच पहिले आले. १९६४ मध्यें टोकियोस या दोघांनीं त्याच अंतरांचीं सुवर्णपदकें मिळविलीं. चषक १९६१ व १९६३ मध्यें ब्रिटननें नेला. नंतर १९६५ पासून १९७३ पर्यंत पूर्व जर्मनीनें तो ओळीनें चार वेळां जिंकला, आणि १९७५ मध्यें सोव्हिएत संघानें.

१९७७ मध्यें मात्र मेक्सिकोनें तो हस्तगत केला. ही किमया एका शिक्षकाची होती. यर्झी हाउस्लेबर हा पोलंडचा मार्गदर्शक १९६६ मध्यें मेक्सिकोस गेला. दोनच वर्षांनीं त्याच्या होसे पेद्राझानें स्वदेशीं रौप्यपदक मिळविलें. १९७६ मध्यें डॅनिएल बाउतिस्तानें मॉंट्रियल येथें सुवर्णपदक आणलें. १९७९ मध्यें चषक पुन्हां मेक्सिकोचाच झाला. पण १९८० मध्यें मॉस्को येथें हाच बाउतिस्ता, शर्यत संपत आली असतां आणि स्वतः आघाडीवर असतां, पंचांनीं बाद केला. कीर्तीला तेथें सूट नव्हती.

१९७९ मध्यें जर्मनींतील एश्बोर्न येथें स्त्रियांचा चषक सुरू झाला. आरंभीं त्यांना पांचच किलोमीटर चालावयास देत. १९९९ मध्यें अंतर २० वर आलें, आणि २०१८ मध्यें चीनमधील ताइत्सांग येथें स्त्रियांनीं ५० किलोमीटरांची आपली स्वतंत्र शर्यतहि पुरी केली. २०२२ मध्यें मस्कत येथें भारतीय स्त्रियांच्या संघानें २० किलोमीटरांत कांस्यपदक मिळविलें. २०२४ मध्यें तुर्कस्तानांतील अंताल्या येथें अक्षदीप सिंग व प्रियांका गोस्वामी या जोडीनें अठरावा क्रमांक मिळवून पॅरिस ऑलिंपिकमधील प्रवेश निश्चित केला.

आतां संघाचा हिशेब पाहा. प्रत्येक राष्ट्राच्या पहिल्या तिघांचे क्रमांक मिळवावयाचे. ज्याची बेरीज लहान, तो श्रेष्ठ. समजा, एका संघाचे गडी दुसरे, पांचवे व नववे आले, बेरीज सोळा. त्यांतील नववा बाद झाला आणि त्याच्या जागीं तिसावा धरावा लागला, तर बेरीज सदतीस होते. पहिल्या दोघांनीं कांहींच चूक केलेली नसते. आपल्या वारकऱ्यांच्या दिंडींत पुढचा मागच्यासाठीं थांबतो. येथें थांबतां येत नाहीं, पण मागच्यावांचून पुढच्याचें यश पुरें होत नाहीं. एकाचें पाऊल सुटलें कीं सोबत्यांचे श्रमहि निसटतात.

डोळ्याला फसविण्याचे दुसरेहि मार्ग आहेत. २०१६ मध्यें रोम येथें ५० किलोमीटरांत पहिला आलेला इटलीचा ॲलेक्स श्वाझर उत्तेजक द्रव्याच्या परीक्षेंत दोषी ठरविला गेला, व पहिला मान ऑस्ट्रेलियाच्या जॅरेड टॅलंटकडे गेला. पण असा उशिरां मिळालेला मान अंतिम रेषेवरच्या टाळ्या परत आणीत नाहीं.

शेवटीं एक स्वतःचीच गोष्ट सांगतों. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्हीं शाळेंत गटवार चालण्याची शर्यत लावली होती. उंसाच्या शेताजवळील वळणावर पंच म्हणून मी उभा होतों. माझ्या गटाचा मुलगा तेथें चार पावलें सरळ धावला. ढाल आमच्या गटाला हवी होती. मीं वहींत कांहींच लिहिलें नाहीं. ढाल आम्हांला मिळाली. संध्याकाळीं दुसऱ्या गटाचा एक मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, आपण तिथंच उभे होतात ना?" मीं सांगितलें, "मला दिसलें नाहीं."

तो कांहीं न बोलतां गेला. नियमांत "मानवी डोळ्याला" हे शब्द वाचतांना मला तें वळण आठवतें. त्या दिवशीं चुकलें तें मुलाचें पाऊल खरें. पण बाद व्हावयास हवा होता तो माझा डोळा.