असई कुणाची?

मराठवाड्यातलं पर्यटन म्हटलं की वेरूळ, अजिंठा, दौलताबाद. 1 मे 1981 ला जालना जिल्हा वेगळा झाला तेव्हा ही सगळी नावाजलेली मंडळी औरंगाबादकडेच राहिली. आमच्या वाट्याला आले राजूरचा गणपती, अंबडची मत्स्योदरी, समर्थांचं जांब. त्यांना जाहिरात लागत नाही. चतुर्थीला राजूरला जाऊन बघा म्हणजे कळेल!

पण परदेशातला इतिहासवेडा माणूस नेटवर बसला, तर आमच्या जिल्ह्यातलं एक खेडं त्याला आधीच ठाऊक असतं. असई. 23 सप्टेंबर 1803 ला इथे आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. हाच पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. इंग्रजीत या लढाईवर नकाशे आहेत, पलटणींच्या याद्या आहेत, बर्नार्ड कॉर्नवेलची 1998 सालची कादंबरीही आहे. सगळी गोष्ट तयार! आपण फक्त फलक लावायचा आणि माहितीपत्रक छापायचं, असं कुणालाही वाटेल.

मला इथेच अडखळायला होतं. कारण ती गोष्ट एका माणसाच्या हुशारीची आहे. वाटाड्यांनी सांगितलं, केळना नदीला इथे उतार नाही. वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. एवढ्या जवळची गावं, म्हणजे मधून वाट असणारच, असा त्याने तर्क केला आणि फौज पार नेली. तर्क चांगलाच, नाकारायचं कारण नाही. पण पलीकडे काय झालं? शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, इंग्रज पुढे गेल्यावर उठले आणि त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागल्या. इंग्रजांची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. हे त्यांच्याच कागदांत आहे, पण आमच्या शाळेत मला कुणी सांगितलं नाही. (मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हातला हत्तीही असईचाच. तोही विजेत्यांकडून लढलेल्यांचा!)

जखमी इंग्रजांना अजिंठ्याला हलवलं होतं. लेणी हाकेच्या अंतरावर, पण जॉन स्मिथ तिथे पोचला तो 1819 मध्ये. असो.

याच केळनेच्या काठी भोकरदन आहे, म्हणजे जुनं भोगवर्धन. इथल्या लोकांनी दिलेल्या दानांचे लेख सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर आहेत. 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुकडा मिळाला. तशीच मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईला सापडली होती. इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या त्या शहरात! ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि ती भोकरदनकडचीच असावी असं काही अभ्यासकांना वाटतं.

असई बघायला येणाऱ्याला मी आधी भोकरदनला उतरवीन. रणांगणावर बुरूज नाही, तटबंदी नाही, नुसती शेतं. तिथे सांगणारा माणसूच लागतो. तो गावातलाच पोरगा असावा, नदीचा उतार त्याने दाखवावा आणि मग तोफांपाशी थांबलेल्यांचं सांगावं. वेलस्लीचं तर पाहुण्याला घरूनच पाठ असतं.