बंडी व जाकीट (मुलांची)

कमरेपर्यंत लांबीचे, बिनबाह्यांचे किंवा आखूड बाह्यांचे, पुढून उघडणारे शिवलेले वस्त्र. बंडी अंगालगत वा सदऱ्यावर घालतात. जाकीट सदऱ्यावर व कोटाखाली घालण्याची पाश्चात्त्य रीत आहे. मुलांच्या पोषाखात या दोहोंचा इतिहास वेगवेगळा असून, मुलाचे वय व त्याच्या कुटुंबाची सामाजिक स्थिती यांची तो ओळख करून देतो.

मराठी मुलखात शिवलेल्या वस्त्राचे जुने उल्लेख महानुभाव गद्यात मिळतात. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटाने सिद्ध केलेल्या लीळाचरित्राच्या (सु. १२७८) भाषेत ‘आंगी’ व ‘टोपरे’ हे शब्द येतात. तान्ह्या मुलाच्या ‘अंगडे-टोपडे’ या जोडशब्दात तीच जोडी टिकून आहे.

इंग्लंडमध्ये दुसऱ्या चार्ल्‌सने ऑक्टोबर १६६६ मध्ये इराणी धर्तीचे लांब जाकीट दरबारी पोषाखात आणले. पुढे त्याची लांबी कमी होत गेली. अठराव्या शतकात घागरेवजा झगा सोडलेला मुलगा कोट, जाकीट व तंग विजार अशा मोठ्या माणसाच्याच पोषाखात दिसे. सु. १७८० नंतर आखूड अंगरख्याला विजार गुंड्यांनी जोडलेला सुटसुटीत पोषाख रूढ झाला. त्यात जाकिटाला स्थान नव्हते. मुलाने मुलासारखे वावरावे, हा विचार त्यामागे होता. १८६० च्या सुमारास गुडघ्याशी आवळलेल्या विजारीच्या सुटात ते परत आले. ईटन विद्यालयाच्या आखूड कोटाबरोबरही ते असे. नाविक पोषाखात मात्र गळ्याच्या फटीत कापडी पट्टी लावीत, तर १८८६ च्या लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय या कादंबरीने लोकप्रिय केलेल्या मखमली सुटात जाकिटाऐवजी झालरीचा सदरा प्राधान्याने दिसे.

वऱ्हाडात जाकिटाचा प्रसार इंग्रजी अमलाबरोबर झाला. १८५३ च्या तहाने हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि १८६७ मध्ये अकोला, बडनेरा या मार्गाने लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. वऱ्हाडचा कापूस त्यामुळे बाहेर जाऊ लागला व गिरणीचे कापड आत येऊ लागले. शहरातील वकील, कारकून, व्यापारी यांच्या घरची मुले धोतरावर कोट व डोक्यावर टोपी घालून शाळेत जात. सणासमारंभात कोटाखाली जाकीट चढे. परदेशी कोट आणि देशी धोतर यांचा हा मेळ पाश्चात्त्य सुटाचे अनुकरण नसून स्वतंत्र घडण होती.

शेतकऱ्याच्या मुलाची बंडी याहून वेगळी. ती जाड्याभरड्या सुती कापडाची, बंदांनी किंवा गुंड्यांनी बांधली जाणारी असून तिच्यावर कोट नसे. वऱ्हाडच्या कडक उन्हाळ्यात ती सोयीची ठरे आणि बाप-लेकांच्या बंड्यांत मापाखेरीज फारसा फरक नसे. मुलगा लवकरच शेतात राबू लागे; त्यामुळे बालपणासाठी निराळा पोषाख करण्याचे कारण आणि ऐपत दोन्ही नसत. कापूस पिकविणाऱ्या घरात बंडी आणि त्या कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या घरात जाकीट, अशी विभागणी त्यातून दिसून येते.

पहिल्या महायुद्धानंतर यूरोपात मुलांच्या जाकिटाची जागा बऱ्याच अंशी विणलेल्या बिनबाह्यांच्या स्वेटरने घेतली. महाराष्ट्रात शाळांच्या गणवेशात सदरा व अर्धी विजार रूढ झाल्यावर कोट मागे पडला आणि त्याबरोबर जाकीटही. सदऱ्यावर घालावयाचे बंद गळ्याचे ‘नेहरू जाकीट’ मात्र लग्नसमारंभांत मुलांच्या अंगावर आजही दिसते. कोटाखाली झाकले जाणारे वस्त्र त्यात पुन्हा बंडीप्रमाणे सर्वांत वरचे झाले आहे.