गोदेची वाळू आणि कासव

इ. स. १८७२ मध्यें ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनीं दक्षिणेंतील नद्यांत राहणाऱ्या एका मऊ पाठीच्या कासवाचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. ‘लीथचें कासव’ म्हणून ओळखला जाणारा हा गोदावरीवासी प्राणी आज अतिसंकटग्रस्त गणला जातो. बरोबर शंभर वर्षांनीं, १९७२ सालीं, वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. तो शिकाऱ्यास अडवितो. परंतु अशीं कासवें जेथें अंडीं पुरतात त्या कांठाचें काय? नांदेडची गोदावरी असो कीं लातूरची मांजरा, सरकारी हिशेबांत वाळू म्हणजे ब्रासानें मोजावयाचें गौण खनिज. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच हेक्टरांहून लहान खाणींसही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. ती देतांना कांठावरील घरटींही मोजलीं गेलीं नाहींत, तर एकही शिकार न होतां हा प्राणी नाहींसा होईल.