थकलेला पुरुष आणि ग्रंथीचा रस

पुरुषाच्या थकव्यावर गुप्त औषध विकणाराची जाहिरात आपण सर्वांनी भिंतीवर वाचली आहे. वाचली असे कबूल मात्र कोणी करीत नाही. या धंद्याला पहिला मोठा आधार दिला तो एका थोर शास्त्रज्ञाने.

१ जून १८८९ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र-मंडळापुढे ब्राऊन-सेकार उभे राहिले. वय ७२. कुत्र्याच्या व गिनिपिगच्या वृषणांचा पाण्यात काढलेला रस त्यांनी स्वतःला टोचून घेतला होता. आता जिना धावत चढवतो, तासन्‌तास उभ्याने काम होते, असे त्यांनी सांगितले. लवकरच असले रस बाजारात आले. (पुढच्याच वर्षी मुंबईच्या गिरणीकामगारांनी थकव्यावर निराळे औषध मिळवले: नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने रविवारची सुट्टी.)

कल्पना निराधार नव्हती. १८४९ मध्ये गॉटिंगेनला बर्टोल्ड यांनी खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटात वृषण बसवले, तेव्हा त्यांचा तुरा नि बांग टिकली. पण वृषण आपले द्रव्य साठवीत नाही, बनेल तसे रक्तात सोडते; शिवाय ते पाण्यात फारसे विरघळत नाही. १९३५ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनी सुमारे १०० किलो वळूंची वृषणे घेतली, तेव्हा कुठे १० मिलिग्रॅम शुद्ध टेस्टोस्टेरॉन हाती आले. मग पॅरिसच्या पिचकारीत काय होते? २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात त्या कृतीने रस काढून मोजला. द्रव्य नगण्य निघाले. म्हाताऱ्याला उभारी दिली ती विश्वासाने. तरी मला त्यांचा राग येत नाही. निदान सुई त्यांनी स्वतःच्या अंगात खुपसली.

१९३५ सालीच बुटेनांट आणि रुझिचका यांनी हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. ज्याचे वृषण वा पिट्युटरी ग्रंथी खरोखर रोगी आहे, त्याला ते वरदान आहे. मात्र एका चाचणीवर ठरवू नये; सकाळचे रक्त दोन निरनिराळ्या दिवशी तपासावे लागते. उगाच घेतले तर शरीर स्वतःचे उत्पादन आवरते, शुक्राणू घटतात. मूल हवे असलेला तरुण हेच टोचून घेतो, याहून वाईट सौदा कोणता?

थकव्याची कारणे इतरही असतात: पंडुरोग, मधुमेह, थायरॉईड, मनाची खिन्नता. आणि झोप. २०११ साली शिकागोत दहा निरोगी तरुणांना आठवडाभर पाचच तास झोपू दिले. त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरले. एका खोलीत बिऱ्हाड असलेल्या रात्रपाळीवाल्याला दुपारी पाच तास तरी कोठले मिळतात? म्हणून आमच्या युनियनचा माणूस डॉक्टरकडे निघाला, की मी चिठ्ठीवर त्याच्या पाळ्यांचे तास लिहून देतो.